केसपेपरवरचा 'नोकरी' हा शब्द

गुरुवारी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी असते आणि आपले दवाखाने भरतात. मुरमांचे डाग दाखवत तरुण विचारतात, "डॉक्टर, पील केल्यावर चेहरा कधी साफ होईल?" आपण मुरमांची प्रत पाहतो, त्वचेचा प्रकार पाहतो. व्यवसायाच्या रकान्यात मात्र 'नोकरी' एवढंच लिहून मोकळे होतो.

पण नोकरी कसली? फाउंड्रीत भट्टीसमोर, वेल्डिंगवर, सीएनसीच्या कूलंटमध्ये की पॅकिंगला? सॅलिसिलिकचं 30 टक्क्यांचं पील तेलकट, मुरमाळ चेहऱ्याला चांगलं लागू पडतं, यात वाद नाही. पण कटिंग ऑइलने माखलेल्या बाहीने दिवसभर तोंड पुसलं जात असेल, तर केशमुळं पुन्हा बुजतात आणि पुटकुळ्या उठतच राहतात. वेल्डिंगच्या आर्कमधून अतिनील किरणं निघतात. टॅक मारताना शील्ड बाजूला ठेवणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. भट्टीच्या धगीने वांग वाढतो, तिथे नुसतं सनस्क्रीन पुरत नाही. आपल्याकडची त्वचा बहुतांशी फिट्झपॅट्रिकच्या चौथ्या-पाचव्या प्रकारातली. जरा खोल इजा झाली की डाग जाण्याऐवजी दाट होतो आणि महिनोन्‌महिने राहतो.

सालं निघायला साधारण तिसऱ्या दिवशी सुरुवात होते. म्हणजे गुरुवारी पील केलेला मुलगा ऐन त्या दिवसांत शिफ्टवर असतो. कंत्राटी कामगाराला खाडा परवडत नाही, हे धरूनच ताकद आणि तारीख ठरवायला हवी. लग्न तीन आठवड्यांवर आलं म्हणून प्रायमिंग गाळू नका.

आणखी एक प्रश्न न चुकता विचारा: घरी कोणती क्रीम लावता? नुसतं नाव विचारून भागत नाही, ट्यूब घेऊन यायला सांगा. 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल 'एच'मध्ये आली, तरी गोरेपणासाठी ती चिठ्ठीविना मिळतातच. त्यांनी पातळ, लालसर झालेल्या चेहऱ्यावर पील म्हणजे भाजणं. आधी स्टेरॉइड सोडवा, त्वचा सावरू द्या.

ज्याला कामावर चेहरा जपणं शक्य नाही, त्याला पील नाकारावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. अॅडापॅलीन किंवा अॅझेलेइक अॅसिडने वेळ लागेल, पण डाग वाढण्याचा धोका कितीतरी कमी. येत्या गुरुवारपासून केसपेपरवर 'नोकरी'पुढे कामाचा विभाग आणि शिफ्टही लिहा.