तूर बीडची, हुकूम दिल्लीचा

गिरणी कामगार बंधू-भगिनींनो, तुमच्या नावाने दिल्लीत एक कारभार चालतो आणि तुम्हाला त्याची वर्दीसुद्धा कुणी देत नाही. गरिबाला डाळ स्वस्त मिळावी, असे कारण सांगून केंद्र सरकारने २००६ च्या जूनमध्ये कडधान्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. मुदत संपत आली की वाढवायची, पुन्हा वाढवायची, असे करीत ती अकरा वर्षे चालवली. काबुली हरभऱ्याला सूट दिली. पण बीड जिल्ह्याच्या रानात पिकतो तो मुख्यतः देशी हरभरा, तूर, मूग आणि उडीद. त्यांना दार बंद!

आता आमचा सवाल सरळ आहे. बीडच्या शेतकऱ्याला कोंडून ठेवलं, तेव्हा तुमच्या वाटीतलं वरण घट्ट झालं का?

२०१५ साल आठवा. बंदी जारी होती, तूर बाहेर जायची सोय जवळजवळ नव्हती, आणि तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली. खानावळीतलं वरण म्हणजे हळदीचं पाणी झालं. मग म्हणाल, शेतकऱ्याने तरी त्या साली हात धुऊन घेतले असतील. कसले घेतो? त्या साली बीडमध्ये दुष्काळ होता, विकायला त्याच्या घरात तूरच नव्हती. शेजारच्या लातूरला पुढच्या एप्रिलात आगगाडीने पाणी आणावं लागलं, यावरून काय ते समजा. दोनशे रुपये तुम्ही मोजले, ते बीडला पोचले नाहीत. ज्यांची गोदामं भरलेली होती त्यांच्याकडे ते गेले.

२०१६ ला पाऊस बरा झाला. सरकार म्हणालं, डाळी पेरा, देशाला डाळी हव्यात. तुरीला बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये हमीभाव जाहीर झाला. शेतकऱ्याने शब्दावर विश्वास ठेवला आणि पेरलं. त्याच वर्षी जुलैत त्याच सरकारने मोझांबिकशी तूर आणण्याचा करार केला, आणि २०१६-१७ या एका वर्षात देशात सुमारे ६६ लाख टन कडधान्य बाहेरून उतरलं. इकडे रान पिकलं, तिकडे जहाजं भरून आली. २०१७ च्या आरंभी बाजारात तूर चार हजारांच्या आसपास विकली गेली, कुठे त्याहूनही खाली. हमीभावाच्या केंद्रावर जावं तर बारदाना नाही. गाड्या रांगेत उभ्या, राखणीला माणसं गाडीखाली झोपलेली. २२ एप्रिलला खरेदीची मुदत संपवली, ओरड झाली तेव्हा पुन्हा काटा लावला.

आणि निर्यातीचं कुलूप? ते तसंच. तूर, मूग, उडीद यांच्यावरची बंदी उठली १५ सप्टेंबर २०१७ ला, उरलेल्या डाळींवरची नोव्हेंबरात. तोवर बीडच्या शेतकऱ्याची तूर केव्हाच व्यापाऱ्याच्या वखारीत जाऊन पडली होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आमच्या जुन्या माणसांना करोडगिरी हा शब्द ठाऊक होता. निजामाच्या जकात खात्याचं ते नाव. बीड त्या राज्याच्या कडेला. पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा. हद्द ओलांडायची तर मध्ये नाका. सप्टेंबर १९४८ ला निजामी गेली, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला मराठी माणसाचं राज्य झालं. त्यासाठी मुंबईच्या रस्त्यावर रक्त सांडलं त्यात गिरणी कामगार होता, हे आम्ही तुम्हाला काय सांगावं! करोडगिरीचा नाका गेला. पण शेती राज्याच्या यादीत आणि परदेश व्यापार केंद्राच्या यादीत अशी घटनेची वाटणी आहे. नांगर मुंबईच्या अखत्यारीत, बंदर दिल्लीच्या. बीडच्या तुरीचं दार एका अधिसूचनेने उघडतं नि मिटतं, आणि ती काढण्याआधी महाराष्ट्राची संमती घेण्याचं बंधन कुणावर नाही.

२०१७ नंतर दार उघडं आहे, मग तक्रार काय? तक्रार ही, की बाहेर जायचं दार उघडलं आणि आत यायचं त्याहून मोठं उघडलं. मे २०२१ पासून तुरीची आयात मोकळी केली, डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्यावरची जकात काढली. वाटाणा दळून बेसनात खपतो, मार बसतो हरभऱ्याला. २०२४-२५ मध्ये कडधान्यांची आयात ७० लाख टनांच्या वर गेली. त्या हंगामात तुरीचा हमीभाव ७५५० होता आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बाजार त्याच्या खाली होता. परदेशी जातो तो मुख्यतः काबुली हरभरा. बीडच्या तुरीला बाहेर गिऱ्हाईक बेताचं, तेही बहुतेक परदेशी स्थायिक झालेली आपलीच माणसं.

यात आणखी एक मेख आहे, ती मागावर काम करणाऱ्याला लगेच कळेल. कापूस द्यायचा आणि कापड विकत घ्यायचं, हा धंदा इंग्रजाने आपल्याशी केला. बीडची पुष्कळशी तूर आजही अख्खीच लातूर-सोलापूरच्या डाळमिलकडे जाते. शंभर किलो तुरीची सत्तरएक किलो डाळ होते, वर चुनी गुरांना. भरडाईची ती मजुरी आणि तो नफा जिल्ह्याबाहेर. माल न्यायला बीड शहरात आगगाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, महाराष्ट्र झाल्यावर पासष्ट वर्षांनी! १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला वाटा देण्याचा शब्द होता. त्या शब्दाचं काय झालं ते दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर निघालेल्या बैलगाड्यांना विचारा.

मुंबईच्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे १९८२ च्या संपानंतर एकेक करून थांबले. पण इचलकरंजीत, भिवंडीत, सोलापुरात माग चालू आहेत आणि डाळ तुम्हीही विकतच आणता. म्हणून कुणी शेतकऱ्याला तुमचा वैरी म्हणून दाखवला तर त्याच्यापुढे हा हिशेब टाका. डाळ स्वस्त द्यायची तर रस्ता माहीत आहे. सरकारने हमीभावाने घेतलेल्या तुरीची डाळ करून रेशनवर ५५ रुपयांनी, पुढे २०१८ ला ३५ रुपयांनी विकली होती. तेव्हा जमलं, ते दरसाल का नको?

आमची मागणी एवढीच: जूनच्या पेरणीपासून फेब्रुवारीच्या काढणीपर्यंत निर्यात-आयातीच्या हुकमात बदल नको, करायचाच तर आधी महाराष्ट्राच्या विधिमंडळापुढे आणा, हमीभावाने घेतलेली तूर बीडमध्येच भरडा आणि रेशनवर द्या. सभेत ठरावाला हात वर कराल तेव्हा व्यासपीठावरच्या खासदाराला मोठ्यांदा विचारा, की २०१७ च्या फेब्रुवारीत, तूर अजून शेतकऱ्याच्या घरात होती तेव्हा, कुलूप काढा म्हणून तुमच्या पक्षाने दिल्लीत कोणत्या दिवशी तोंड उघडलं?