ऑटोमॅटिक गाडीलाही चालक लागतो

सैन्यातली माझी २८ वर्षे स्टिअरिंगमागे गेली. शक्तिमान ट्रकवर हात बसला, पुढे स्टॅलियन चालवला आणि शेवटची काही वर्षे रंगरुटांना गाडी शिकवणारा उस्ताद म्हणून काढली. डोंगरी रस्त्याचा पहिला धडा मी त्यांच्याकडून घोकून घेत असे : ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतार उतरा. तोच धडा मी स्वतः विसरलो, आणि तोही मसुरीहून डेहराडूनला उतरताना, घरची सगळी माणसे गाडीत असताना.

गाडी नवी आणि ऑटोमॅटिक होती. लिव्हर ‘डी’वर टाकला आणि निघालो. या शाळेत शिकणारा आमचा मुलगा शेजारी बसला होता. क्लच नाही, गिअर नाही; गप्पा रंगल्या. निम्म्या उतारावर जळका वास आला. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला, तर गाडी हवी तशी आवरेना. लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये घेऊन एकेक गिअर खाली आणला, तेव्हा कुठे वेग उतरला. रुंद जागा पाहून थांबलो आणि चाके निवण्याची वाट पाहत बसलो. मुलाने विचारले, “बाबा, तुमच्या त्या धड्याचे काय झाले?” मला उत्तर देता आले नाही.

छात्रांनी हे गणित करून पाहावे. मसुरी सुमारे २००० मीटर उंचीवर आहे, डेहराडून साधारण ६५० मीटरवर. माणसांसह दीड टन वजनाची गाडी एवढी खाली येते, तेव्हा ५० लिटरहून अधिक गार पाणी उकळीला आणेल इतकी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. थोडी हवा आणि टायर खातात. बाकीची ब्रेक तरी घेतात, नाहीतर इंजिन. ‘डी’मध्ये माझ्या गाडीने वरचा गिअर धरला होता, म्हणून सगळा भार ब्रेकवर आला. दोष गिअरबॉक्सचा नव्हता. त्याला वेग कळतो, इंजिनचे फेरे कळतात, माझ्या पायाचा दाब कळतो. पुढचे वळण आणि उतार मात्र मलाच दिसतात.

म्हणून माझे मत असे, की ऑटोमॅटिक गाडीने चालकाचे काम संपत नाही, ते थोडे आधी सुरू होते. ‘क्लच दाबतो तोच खरा ड्रायव्हर’ म्हणणारे माझे जुने सोबती मला पटत नाहीत. १९८९ च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये नायजेल मॅन्सेलने फेरारी जिंकून आणली, ती स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलून. क्लच-गिअरची यंत्रणा मशीन हलवत होते, पण कोणता गिअर आणि केव्हा, हे मॅन्सेलच ठरवत होता.

ज्याला परफॉर्मन्स ड्रायव्हिंग म्हणतात, त्यातले रस्त्यावर उपयोगी पडणारे तंत्र एवढेच आहे. वळणाआधी, गाडी सरळ असतानाच, ब्रेक लावून वेग उतरवा आणि खालचा गिअर मागून घ्या. वळणात अॅक्सिलरेटर स्थिर ठेवा, स्टिअरिंग सरळ होऊ लागले की वाढवा. नुसत्या ‘डी’वर विसंबलात, तर पाय उचलताच वरचा गिअर पडू शकतो आणि ऐन वळणात पुन्हा दाबताच खालचा, ओल्या रस्त्यावर तो एक झटका टायर घसरवायला पुरतो. ओव्हरटेकचेही तसेच. पेडल तळापर्यंत दाबल्यावर गिअर खाली येतो, पण क्षणभर थांबून. तो क्षण समोरून ट्रक येत असताना खर्च करू नये; आधी गिअर उतरवावा, मग रस्ता मोकळा पाहून निघावे.

एएमटीमध्ये गिअर पडताना पाय किंचित हलका केला, तर धक्का कमी बसतो. चढावर कोणतीही ऑटोमॅटिक गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेकवर धरावी. नाहीतर आत क्लच किंवा तेल तापते. उतारावर न्यूट्रल कधीच नको. आणि डाव्या पायाने ब्रेक लावण्याचे रेसिंगचे कसब रस्त्यावर आणू नये. क्लच तळापर्यंत दाबायची सवय असलेला तो पाय ब्रेकही तसाच दाबतो.

पालकांना एक विनंती. १८ पूर्ण झाल्यावर मुलगा लायसन्स काढील आणि पुष्कळ घरांत आता त्याच्या हाती पहिली गाडी ऑटोमॅटिकच येईल. “यात शिकण्यासारखे काय आहे” म्हणून किल्ली देऊ नका. शेजारी बसा, एक घाट त्याच्याकडून चढवून-उतरवून घ्या आणि मॅन्युअल मोड कशासाठी असतो, ते तिथेच दाखवा.

परवा सुट्टी संपवून मुलाला शाळेत सोडायला आलो. वाटेत उतार लागला, तसा तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “बाबा, गिअर.” मी मुकाट्याने खाली घेतला.