आकड्यावर नव्हे, कारणावर उपचार हवा

अतिदक्षता विभागातील रुग्णासाठी प्लेटलेट्स वा प्लाझ्माच्या पिशव्या मिळवताना नातेवाइकांना रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवावे लागणे, हे शहरांतील नित्याचे दृश्य आहे. डेंगीच्या हंगामात तर ही धावपळ टिपेला पोहोचते. रुग्णाचे रक्त गोठेनासे झाले आहे, एवढे त्यांना कळते. ते का गोठेनासे झाले, हा खरा प्रश्न मात्र अनेकदा मागेच राहतो.

हिमोफिलियासारखे दोष जन्मजात असतात. अतिदक्षता विभागात आढळणारे दोष बहुतांशी आजारपणातच उद्भवलेले असतात. जंतुसंसर्गाने सेप्सिसचे गंभीर रूप धारण केले, की रक्तवाहिन्यांत ठिकठिकाणी सूक्ष्म गुठळ्या होऊ शकतात. त्यात प्लेटलेट्स आणि रक्त गोठवणारी प्रथिने खर्ची पडतात. परिणामी एकाच शरीरात एकीकडे गुठळ्या आणि दुसरीकडे रक्तस्राव, असा विचित्र पेच उभा राहतो. घोणस वा फुरसे चावल्यावर विषामुळेही ही प्रथिने संपुष्टात येतात. यकृत निकामी झाल्यास ती पुरेशी तयारच होत नाहीत. दीर्घकाळ चाललेली प्रतिजैविके आणि अपुरा आहार यांमुळे 'के' जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते.

लक्षण एक, कारणे अनेक. म्हणूनच उपचारही निराळे. सर्पदंशात प्रतिविष आधी हवे. ते न देता केवळ प्लाझ्मा देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. 'के' जीवनसत्त्वाची उणीव स्वस्तातल्या इंजेक्शनने भरून निघते. गुठळ्या रोखणाऱ्या हेपॅरिनमुळेच क्वचित प्लेटलेट्स घटतात. अशा वेळी हेपॅरिन तत्काळ थांबवून पर्यायी औषध द्यावे लागते; रक्तस्राव नसताना प्लेटलेट्स देणे टाळले जाते.

सेप्सिसमध्ये गोठण्याच्या प्रक्रियेलाच वेसण घालण्याचा प्रयत्नही झाला. त्यासाठीचे 'झायग्रिस' हे महागडे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मात्र नव्या चाचणीत मृत्युदर घटत नसल्याचे दिसताच २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. संसर्गाचे मूळ शोधून तो आटोक्यात आणणे, हाच आजही उपचाराचा गाभा आहे.

प्लेटलेट्स साधारणतः पाचच दिवस टिकतात. त्यामुळे त्यांचा मोठा साठा करता येत नाही. रक्तस्राव नसलेल्या रुग्णाला त्या सामान्यतः दर मायक्रोलिटरमागे १० हजारांच्या खाली संख्या गेल्यावरच दिल्या जातात. शस्त्रक्रियेपूर्वी हा निकष अधिक असतो. डेंगीत तर ही संख्या बहुधा आपोआप सावरते. अनावश्यक पिशवीतून रुग्णाला ॲलर्जी वा फुप्फुसांच्या इजेचा धोका संभवतो आणि खऱ्या गरजूचा वाटाही हिरावला जातो.

म्हणूनच रक्तघटकांच्या मागणीसोबत त्यामागील कारण नातेवाइकांना समजावून सांगण्याचा शिरस्ता रुग्णालयांनी पाडायला हवा. 'किती पिशव्या?' या प्रश्नाआधी 'कशासाठी?' हे विचारण्याचा हक्क त्यांनाही आहे.