दस्त्याचें लांकूड, तंबोऱ्याचें लांकूड

सातारा-सांगलीकडील एखाद्या जुन्या वाड्यांत आजोबांची परवान्याची बंदूक आणि आत्याबाईंचा तंबोरा अशा दोन वस्तु जपून ठेवलेल्या आढळतात. दोहोंचा जीव लांकडांत असतो. पण एकीस जें लांकूड साजतें, तें दुसरीस साजत नाहीं. दुरुस्तीचा प्रसंग आला कीं घरांतील वडील माणसांनीं हा भेद ध्यानांत घ्यावा.

प्रथम बंदूक घेऊं. बार उडतांच धक्का मागें येतो व दस्त्यावाटें खांद्यास पोंचतो. मुठीजवळ दस्ता सर्वांत बारीक असतो. तो चिरतो तोहि बहुधा तेथेंच. म्हणून त्या जागीं लांकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनें सरळ गेलेल्या असाव्या. वळणावळणाच्या सुंदर रेषांची हौस खांद्याकडील रुंद भागांत भागवावी. या कामीं अक्रोडाची कीर्ति जगभर आहे. तें चिवट असतें, मुरल्यावर फारसें आकसत नाहीं आणि त्यावर बारीक कोरीव काम उठतें. आपल्या देशांत तें काश्मिरांत होतें. दुसऱ्या महायुद्धांत विलायतेंत लष्करी बंदुकांस बीच व बर्च या झाडांचेहि दस्ते बसविण्यांत आले.

आपल्याकडे सागवानाची आठवण आधीं होते. दारांखिडक्यांस त्यासारखें लांकूड नाहीं, व वजनांतहि तें अक्रोडाच्या जवळपासच भरतें. पण एकाएकीं बसणाऱ्या धक्क्यास तें ठिसूळ ठरतें व रेषेवर फुटतें. शिसव बळकट खरें, परंतु जड. चिरलेला दस्ता नुसत्या सरसानें चिकटवून बार काढणें तर जिवाशींच खेळ! शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें बंदुकीची दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराकडूनच करवावी लागते. घरच्या सुताराच्या हातीं ती देतां येत नाहीं.

आतां तंबोऱ्याकडे वळूं. मिरजेस हीं वाद्यें करणारीं घराणीं मूळचीं शिकलगारांचीं, म्हणजे शस्त्रांस धार व चकाकी देणाऱ्यांचीं. शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेबांनीं तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. पटवर्धन संस्थानिकांचा त्यांस आश्रय मिळाला. तलवारीवर फिरणारे हात तारांवर स्थिरावले! पुढें किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (मृत्यु १९३७) यांनीं मिरजेस वास्तव्य केलें, त्यामुळें या गांवाचें नांव गायकांच्या तोंडीं अधिकच रुळलें. २०२४ सालीं मिरजेच्या सतार व तंबोरा या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळालें.

हे कारागीर तुणीचें लांकूड वापरतात. तें तांबूस, वजनास हलकें व कोरण्यास सोपें असतें. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा. दस्त्यानें धक्का सोसावा, तर तंबोऱ्याच्या तबलीनें तारेचा बारीकसा कंपहि फुलवावा; म्हणून एकीकडे चिवटपणा पाहावयाचा, तर दुसरीकडे हलकेपणा.

एक गुण मात्र दोहोंकडे सारखाच लागतो. लांकूड पुरतें मुरलेलें हवें. ओलें लांकूड मागाहून आकसतें. मग दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, आणि तंबोऱ्याची दांडी वांकून सूर हलतो. मुरण्यास वेळ लागतो, आणि त्या वेळाचेंहि मोल असतें. गिऱ्हाइकानें केवळ झिलई व स्वस्ताई पाहिली, तर कारागिरानें लांकूड वर्षानुवर्षें कशासाठीं राखून ठेवावें?

म्हणून मुलीस तंबोरा घ्यावयाचा झाल्यास नक्षी मागाहून पाहावी. आधीं दांडी डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें, तबलीवर बोटानें हलकेंच वाजवून नाद ऐकावा, आणि लांकूड किती वर्षें मुरलें हें निःसंकोच विचारावें. चांगल्या कारागिरास या प्रश्नाचा राग येत नाहीं. गिऱ्हाईक जाणतें आहे, याचा त्यास आनंदच होतो.