बोल्शोयचा २५०वा हंगाम : कोण नाचतं आणि कोणाचं नाव पुसलं जातं



मागच्या बैठकीत चहाच्या वेळी एका काकूंनी आम्हाला विचारलं, "तुम्ही मंडळी अजून ते रशियन नाच बघता? तिकडे एवढं युद्ध चालू असताना?" प्रश्नात थोडी थट्टा होती, थोडा ठपकाही होता. तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर आमच्यातल्या प्रत्येकाला तो प्रश्न सलत राहिला. त्याचं उत्तर सविस्तर द्यावं म्हणून हा लेख.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. आम्ही सहा जण, सगळे निवृत्त, त्यात बँकवाले तीन. २०२० साली मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली आणि संध्याकाळचं फिरणंसुद्धा बंद झालं. त्याच आठवड्यात, २७ मार्चला, मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरने आपल्या जुन्या प्रयोगांची चित्रमुद्रणं यूट्यूबवर फुकट दाखवायला सुरुवात केली. पहिला होता 'स्वान लेक'. मॉस्कोत संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, जेवणं आटोपलेली. चोवीस तासांनी प्रयोग काढून घेत, त्यामुळे उद्या बघू म्हणायची सोय नव्हती. प्रत्येकजण आपापल्या घरी बघायचा आणि फोनवर चर्चा व्हायची. बॅले आम्हाला कळत नव्हता, आजही सगळा कळतो असं नाही. पण लहानपणी गुळगुळीत कागदाची सोव्हिएत मासिकं घरोघरी यायची, त्यांची पानं आम्ही शाळेच्या वह्यांना कव्हर म्हणून घालायचो. आमच्यातल्या एकाच्या भूगोलाच्या वहीवर पिसांचा मुकुट घातलेली एक नर्तिका वर्षभर होती. ती माया प्लिसेत्स्काया, हे त्याला पन्नास वर्षांनी कळलं.

तर तेव्हापासून हंगाम सुरू झाला की कोण कुठली भूमिका करतं, कोण बढती मिळून पहिल्या फळीत आलं, कोण निघून गेलं, हे आम्ही क्रिकेटच्या संघनिवडीसारखं बघत आलो. बोल्शोयचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि जुलैत संपतो. थिएटर आपली स्थापना २८ मार्च १७७६ ची मानतं, म्हणजे २०२५-२६ चा हंगाम २५०वा. एरवी हा लेख त्या उत्सवाचा झाला असता.

आधी एका नोटेची गोष्ट. हाडाचे बँकवाले असल्यामुळे आमची नजर तिथेच जाते. १९९७ च्या मालिकेतली शंभर रूबलची नोट पाहिली तर तिच्यावर बोल्शोयची इमारत आणि दुसऱ्या बाजूला तिच्या माथ्यावरचा चार घोड्यांचा रथ आहे. नाट्यगृहाला नोटेवर स्थान देणारे देश किती असतील? २०२२ च्या जूनअखेर शंभर रूबलची नवी नोट जाहीर झाली. तिच्यावर क्रेमलिनचा मनोरा आहे आणि पाठीमागे र्झेव्ह इथल्या सोव्हिएत सैनिकाचं स्मारक. जुनी नोट बाद झालेली नाही, ती चालतेच. नवीन नोटेचा निर्णय युद्धाच्या आधीपासून ठरलेला असेलही. तरी थिएटर गेलं आणि सैनिक आला, हे नजरेतून सुटत नाही.

२४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला. त्या दिवशी नृत्यरचनाकार अलेक्सेई रातमान्स्की मॉस्कोत बोल्शोयसाठी नवीन बॅले बसवत होते. २००४ ते २००८ या काळात ते याच संस्थेच्या बॅलेचे प्रमुख होते. बालपण कीव्हमध्ये गेलेलं, आईवडील तिथेच. काम अर्धं टाकून त्यांनी त्याच दिवशी मॉस्को सोडलं. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने बोल्शोयचा उन्हाळी दौरा रद्द केला. थिएटरचे संगीतप्रमुख तुगान सोखिएव्ह यांनी राजीनामा दिला. आणि मार्चमध्ये ओल्गा स्मिर्नोवा गेली.

स्मिर्नोवाचं जाणं आमच्या गटाला फार लागलं. सेंट पीटर्सबर्गला जन्मलेली, तिथल्या वागानोवा अकादमीत शिकलेली, २०११ साली थेट बोल्शोयमध्ये आलेली. वय तेव्हा तीस, म्हणजे नर्तकीचा ऐन बहर. तिचे एक आजोबा युक्रेनियन. आपल्याला रशियाची लाज वाटेल असं कधी वाटलं नव्हतं, अशा आशयाचं तिने जाहीरपणे लिहिलं आणि अॅमस्टरडॅमच्या डच नॅशनल बॅलेत दाखल झाली. ३ एप्रिलला ती तिथे 'रायमोंडा'मध्ये नाचलीसुद्धा. तिच्यासारखेच काही परदेशी नर्तकही निघाले. इटलीचा याकोपो टिस्सी तर दोन-तीन महिन्यांपूर्वीच मुख्य नर्तक झाला होता.

आता दुसरी बाजू. स्वेतलाना झाखारोवाचा जन्म १९७९ साली युक्रेनमधल्या लुत्स्कचा, सुरुवातीचं शिक्षण कीव्हमध्ये. पुढे पीटर्सबर्गचं मारिन्स्की थिएटर आणि २००३ पासून बोल्शोय. २००८ ते २०११ ती पुतिन यांच्या पक्षातर्फे रशियन संसदेची सदस्य होती आणि २०१४ साली क्रिमियाच्या बाबतीत सरकारला पाठिंबा देणाऱ्या पत्रावर तिची सही होती. ती राहिली. म्हणजे युक्रेनमध्ये जन्मलेली मॉस्कोत राहिली आणि पीटर्सबर्गची मुलगी देश सोडून गेली. रक्त आणि जन्मगाव यांवरून कोण कुठे उभं राहील हे ठरवणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं. भाषिक सीमा आणि जन्मगाव यांवर आपल्याकडेही बरंच बोललं जातं, म्हणून सांगितलं.

आमच्यातल्या एका काकांचं म्हणणं असं की राहिलेल्यांना सरसकट दोषी धरू नये. बोल्शोयच्या बॅले विभागात दोनशेहून अधिक नर्तक आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावं आपण कधी ऐकणार नाही. दहाव्या वर्षी बॅले शाळेत गेलेलं मूल अठराव्या वर्षी नोकरीला लागतं आणि चाळिशीच्या आत त्याचं काम संपतं. आम्ही पस्तीस-छत्तीस वर्षं नोकरी केली, बदल्या झाल्या, पदोन्नती हुकल्या, तरी पुढच्या वर्षी बघू म्हणायला जागा होती. यांना ती नाही. परदेशी कंपन्यांत जागा मोजक्या, त्या स्मिर्नोवाला मिळतात, बत्तीस सावल्यांच्या रांगेतल्या विसाव्या मुलीला कोण बोलावणार? हे आम्हाला पटतं. पण झाखारोवा रांगेतली विसावी नव्हे, हेही तितकंच खरं.

नर्तक गेले की त्यांच्या जागी दुसरे येतात. बोल्शोयला त्याची चणचण कधीच नव्हती. अडचण निराळीच आहे, आणि ती वर्तमानपत्रांत कमी आली. बॅले हा कागदावर लिहून ठेवलेला ऐवज नाही. तो रचणाऱ्याच्या आणि नाचणाऱ्यांच्या अंगात असतो. रातमान्स्कींनी या संस्थेसाठी 'द ब्राइट स्ट्रीम', 'फ्लेम्स ऑफ पॅरिस', 'लॉस्ट इल्यूजन्स' आणि २०१९ साली 'जिझेल' बसवलं. ते युक्रेनच्या बाजूने उघड बोलू लागल्यावर रशियात त्यांच्या बॅलेंच्या जाहिरातींवरून त्यांचं नाव काढण्यात आलं. नाच तोच, हालचाली त्याच, फक्त रचनाकार बेपत्ता. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातं चालू ठेवून खातेदाराचं नाव खोडलं. असं कुठल्या शाखेत झालं असतं तर तपासनीसांनी शाखाधिकाऱ्याला उभं केलं असतं.

'नुरेयेव्ह'ची गोष्ट त्याच्या पुढची. १९६१ साली पॅरिसला पळून गेलेल्या रुडॉल्फ नुरेयेव्हच्या आयुष्यावरचा हा बॅले. सुरुवातच त्याच्या वस्तूंच्या लिलावाने होते. २०१७ च्या जुलैत पहिला प्रयोग ऐनवेळी पुढे ढकलला गेला. डिसेंबरात तो झाला तेव्हा दिग्दर्शक किरिल सेरेब्रेनिकोव्ह नजरकैदेत होते, आपलाच प्रयोग बघायला येऊ शकले नाहीत. तरी पुढे पाच वर्षं तो चालला. २०२२ च्या डिसेंबरात समलैंगिक संबंधांच्या 'प्रचारा'विरुद्धचा कायदा आणखी कडक झाला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये संचालक व्लादिमिर ऊरिन यांनी बॅले कायमचा काढल्याचं सांगितलं. आमच्या मते बोल्शोयच्या गेल्या वीस वर्षांतलं ते सर्वांत धाडसी काम होतं.

ऊरिन यांच्याबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. २०१३ साली ते आले तेव्हा थिएटरची अब्रू पार गेलेली होती. त्या जानेवारीत बॅलेप्रमुख सेर्गेई फिलिन यांच्या तोंडावर अॅसिड फेकलं गेलं आणि कंपनीतल्याच एका नर्तकाला त्याबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ऊरिन यांनी गाडी रुळावर आणली. २०१४ ला त्यांनी क्रिमियावर सरकारची बाजू घेतली होती. पण २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध थांबवा म्हणणाऱ्या कलावंतांच्या पत्रावर त्यांची सही आहे. नंतर 'नुरेयेव्ह' बंद करणारेही तेच. अशा माणसाला शूर म्हणावं की भित्रा, यावर आमच्यात दोन संध्याकाळी वाद झाला आणि निकाल लागला नाही. मोठ्या संस्थेत वरच्या खुर्चीत बसलेला माणूस रोज थोडं देतो आणि थोडं वाचवतो, हे आम्ही जवळून पाहिलं आहे.

१ डिसेंबर २०२३ पासून ती खुर्ची वालेरी गेर्गिएव्ह यांच्याकडे पाच वर्षांसाठी गेली. युद्धाचा निषेध केला नाही म्हणून म्युनिकच्या वाद्यवृंदाने त्यांना मार्च २०२२ मध्ये काढलं होतं. पीटर्सबर्गचं मारिन्स्की १९८८ पासून त्यांच्याच हाती आहे आणि ते त्यांनी सोडलेलं नाही. दोन्ही थिएटरं एका छत्राखाली आणण्याची कल्पना पुतिन यांनी २०२२ च्या मार्चमध्येच बोलून दाखवली होती. झारच्या काळात तसंच होतं, हा त्यामागचा दाखला.

विलीनीकरण म्हणजे काय हे हैदराबादच्या बँकवाल्यांना नव्याने शिकवायला नको. १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत मिसळली. ताळेबंद एकत्र होतो, पाट्या बदलतात, आणि पाच वर्षांनी नव्या मुलांना वेगळेपण काय होतं ते सांगूनही कळत नाही. बोल्शोय आणि मारिन्स्की कागदावर अजून वेगळ्या आहेत. दोघींची रीतही वेगळी : पीटर्सबर्गचा नाच रेषेचा, सोवळा, मोजूनमापून. मॉस्कोचा जोरकस, नाटकी, उड्यांचा. नर्तकांची ये-जा पूर्वीही होती. उलानोवा १९४४ साली पीटर्सबर्गच्या कंपनीतून मॉस्कोला आली, झाखारोवाही तिकडचीच, बॅलेप्रमुख माखार वाझिएव्हसुद्धा तिकडचेच. तेव्हा निव्वळ ये-जा होते म्हणून काळजी करण्याचं कारण नाही. काळजी एवढीच की पूर्वी एका दारातून बाहेर पडलेल्याला दुसरं दार होतं. १९६४ ते १९९५ बोल्शोय बॅलेवर युरी ग्रिगोरोविच यांची एकहाती सत्ता होती, पण त्यांच्याशी न पटणाऱ्याला पीटर्सबर्गकडे बघता येत होतं. आता दोन्हीकडे साहेब एकच.

ग्रिगोरोविच १९ मे २०२५ ला, वयाच्या ९८व्या वर्षी गेले. 'स्पार्टाकस' (१९६८) आणि 'इव्हान द टेरिबल' (१९७५) त्यांचे. या कंपनीच्या हंगामाचा कणा आजही त्यांच्याच रचना आहेत, डिसेंबरातला 'नटक्रॅकर' १९६६ चा आणि त्याच्या तिकिटांसाठी थंडीत रांगा लागतात. प्रेक्षक कमी झालेला नाही, हे मान्यच करायला हवं. परदेशी रचनाकार येईनासे झाल्यावर जुन्यावरच भर राहणार. 'स्पार्टाकस' आम्हाला मनापासून आवडतो. मात्र ज्या संस्थेने दहा वर्षांत 'हीरो ऑफ अवर टाइम', 'नुरेयेव्ह' आणि 'मास्टर अँड मार्गारीटा' आणले, तिने केवळ आजोबांच्या दागिन्यांवर पेढी चालवावी याचं वाईट वाटतं.

हे सगळं लिहिताना कीव्हकडे पाठ फिरवून चालणार नाही. कीव्ह ऑपेराचा मुख्य नर्तक आर्तेम दात्सिशिन २०२२ च्या मार्चमध्ये तोफमाऱ्यात जखमी होऊन गेला. त्याच ऑपेराचा माजी मुख्य नर्तक ओलेक्सांद्र शापोवाल सप्टेंबरात आघाडीवर मारला गेला. रशियातल्या आणि युक्रेनमधल्या या मुलांचे गुरू, पुस्तकं, पायांच्या स्थितींची फ्रेंच नावंसुद्धा एकच. देशोधडीला लागलेल्या युक्रेनियन नर्तकांची कंपनी हेगमध्ये उभी राहिली तेव्हा तिच्यासाठी 'जिझेल' बसवलं ते रातमान्स्कींनी.

तर काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. होय, बघतो. पण जुनी मुद्रणं बघतो, नवीन काही विकत घेत नाही. आणि बघताना सुरुवातीची नामावली पुढे ढकलत नाही. आमच्यातल्या एका वहिनींनी २०२२ पासून बघणंच सोडलं आहे. चर्चेला मात्र येतात, आणि सर्वांत टोकदार मुद्दे त्यांचेच असतात.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मंडळाच्या छोट्या खोलीत आम्ही 'ला बायादेर' लावणार आहोत. १८७७ साली पीटर्सबर्गमध्ये मारियुस पेतिपा यांनी रचलेला हा बॅले, त्याचा मॉस्कोतला ग्रिगोरोविच यांनी केलेला अवतार १९९१ चा. गोष्ट आहे निकिया नावाच्या देवळातल्या नर्तकीची, आणि तिचा घात करणारा राजा आहे चक्क गोवळकोंड्याचा. पेतिपांनी गोवळकोंडा पाहिला नव्हता, ते पडद्यावर लगेच कळतं. आपण इथे सात मैलांवर राहतो, तेव्हा चुका काढायला भरपूर वाव आहे. झाखारोवा आणि स्मिर्नोवा दोघींनीही निकिया केली आहे. कोणाची लावायची हे अजून ठरलेलं नाही. त्या वहिनींनी सांगितलं आहे की स्मिर्नोवाची असेल तर येईन, नाहीतर फक्त चहाला.