मुले त्यांची, अधिकार कोणाचा?

जुलै २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील बालबंदिगृहांची काही दृश्ये दाखविण्यात आली. एका कुमारवयीन मुलाला खुर्चीला पट्ट्यांनी जखडून ठेवले होते व त्याच्या डोक्यावर बुरखा चढविलेला होता. डार्विन शहरातील डॉन डेल बंदिगृहात कोंडलेल्या मुलांवर अश्रुधूर सोडल्याचेही लोकांनी पाहिले. देश हादरला. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी चौकशी आयोग नेमण्याची घोषणा केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयोगाचा अहवाल आला. डॉन डेल बंद करावे आणि मुलांना गुन्ह्यासाठी जबाबदार धरण्याचे किमान वय १० वरून १२ वर न्यावे, या त्यातील दोन ठळक शिफारशी होत्या. डॉन डेल त्यानंतरही कित्येक वर्षे चालूच राहिले. वयोमर्यादा ऑगस्ट २०२३ मध्ये १२ झाली. सत्तापालट होताच ऑक्टोबर २०२४ मध्ये ती पुन्हा १० वर आणण्यात आली. राज्यकर्त्यांचा पश्चात्ताप किती अल्पायुषी असतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

दहा वर्षांचे मूल म्हणजे चौथी-पाचवीतले मूल. ऑस्ट्रेलियात ज्यांच्यावर कोठडीचे दार बंद होते, ती मुले बहुतांशी कोणाची आहेत? १० ते १७ या वयोगटात आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी मुलांचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास आहे. बालबंदिगृहांत मात्र दर दहा मुलांपैकी सुमारे सहा मुले याच समाजांतील असतात. बंदिगृहांतील बहुसंख्य मुलांना अद्याप शिक्षाच झालेली नसते. ती खटल्याची वाट पाहत आत बसलेली असतात. शिक्षा भोगून बाहेर पडलेल्यांपैकी दहातील आठ जण वर्षभरात पुन्हा शिक्षेच्या कक्षेत येतात. आणि या अपयशासाठी एका मुलामागे वर्षाकाठी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक खर्च येतो. एखादा कारखाना इतक्या खर्चात इतका सदोष माल काढू लागला, तर तो एका वर्षात बंद पडेल. बंदिगृहे मात्र वाढत आहेत.

हे अरिष्ट आकाशातून कोसळलेले नाही. व्हिक्टोरिया वसाहतीने १८६९ साली आदिवासींच्या ‘संरक्षणा’चा कायदा केला व त्यांची मुले कोठे राहावीत हे ठरविण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८७१ साली, त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी यांच्या कपाळी जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारणारी बुद्धी आणि आईच्या कुशीतून मूल ओढून नेण्याला संरक्षण म्हणणारी बुद्धी एकच होती. ऑस्ट्रेलियात ही ओढाताण विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत चालली. तिची माफी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी.

मूल हिरावणे आणि कोठडी यांचा संबंध काय, याचे उत्तर १९९१ सालीच मिळाले होते. कोठडीतील आदिवासींच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या आयोगाने ९९ मृत्यूंचा तपास केला. त्या ९९ जणांपैकी ४३ जणांना बालपणी सरकारने, मिशनने वा अन्य संस्थांनी कुटुंबापासून तोडलेले होते. आयोगाने ३३९ शिफारशी केल्या. त्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : आदिवासींच्या जीवनाविषयीचे निर्णय आदिवासींच्या हाती द्या.

हे अशक्य आहे काय? मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील युएंडुमू या वॉर्लपिरी वस्तीकडे पाहावे. १९९४ च्या सुमारास तेथील तरुण मोठ्या संख्येने पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनात सापडले होते. रात्री दारे फोडली जात, मेंदू कायमचे निकामी होत. पोलीस होते, दवाखाना होता, पण उपाय नव्हता. तेव्हा वस्तीतील वडीलधाऱ्यांनीच पुढाकार घेतला. व्यसनी मुलांना त्यांनी सुमारे दीडशे किलोमीटर दूर, माउंट थिओ येथील आपल्या पूर्वजांच्या भूमीवर नेले. तेथे कुंपण नव्हते, पहारेकरी नव्हते. भोवती वाळवंट होते आणि जवळ आजी-आजोबा होते. शिकार, अन्न, पूर्वजांच्या कथा, झोप – एवढाच उपचार. इकडे वस्तीत उरलेल्या मुलांसाठी रोज संध्याकाळी खेळ आणि करमणूक सुरू झाली, कारण कंटाळा हा व्यसनाचा सख्खा भाऊ असतो हे त्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. काही वर्षांतच युएंडुमूतील हे व्यसन जवळजवळ नाहीसे झाले. या कामातील एक आजी, पेगी नंपिजिनपा ब्राउन, यांना २००७ साली राष्ट्रीय सन्मानही मिळाला. त्यातूनच पुढे वॉर्लपिरी युवकांसाठी काम करणारी त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली.

दुसरे उदाहरण न्यू साउथ वेल्समधील बर्क या गावाचे. सिडनीपासून सुमारे आठशे किलोमीटर आत, डार्लिंग नदीच्या काठी वसलेल्या या छोट्या गावात वीसहून अधिक आदिवासी भाषासमूहांची कुटुंबे राहतात. ॲलिस्टर फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ‘मारांगुका’ हे काम उभे केले. न्गेंबा भाषेतील या शब्दाचा अर्थ इतरांची काळजी वाहणे असा आहे. त्यांनी उपदेशाने सुरुवात केली नाही. आपली मुले नेमक्या कोणत्या कारणांनी न्यायालयात पोहोचतात, याची माहिती त्यांनी सरकारकडून मागवून घेतली आणि गावापुढे मांडली.

जे दिसले ते विलक्षण होते. विनापरवाना गाडी चालविणे हे कित्येक तरुणांच्या तुरुंगवारीचे पहिले पाऊल होते. परवान्यासाठी कायदा १२० तास कोणाच्या तरी देखरेखीखाली गाडी चालवून दाखवा म्हणतो. ज्याच्या घरी गाडी नाही, परवानाधारक नातेवाईक नाही, कधीकधी जन्माचा दाखलाही नाही, त्याने ते तास कोठून आणावेत? आणि बसगाडी नसलेल्या मुलखात कामावर तरी कसे जावे? मग गावाने गाडी आणि शिक्षक यांची सोय केली. जामिनाच्या अटी मुलांच्या प्रत्यक्ष जीवनाला धरून असाव्यात म्हणून पोलिसांशी बोलणी केली. आदल्या रात्री कोणत्या घरात काय घडले, हे सकाळच्या बैठकीत पोलिसांकडून समजून घेऊन कार्यकर्ते त्या घरी जाऊ लागले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या केपीएमजी या संस्थेच्या पाहणीने २०१६ व २०१७ या वर्षांची तुलना केली. मुलांवरील प्रमुख पाच प्रकारच्या आरोपांत ३८ टक्के घट, नोंदलेल्या कौटुंबिक हिंसाचारात २३ टक्के घट, आणि बारावीपर्यंत शाळेत टिकणाऱ्यांच्या संख्येत ३१ टक्के वाढ झाल्याचे तिला आढळले.

लहान गावातील एका वर्षाच्या आकड्यांवर अख्खे तत्त्वज्ञान उभारू नये, हे खरे. परंतु या दोन उदाहरणांत जो समान धागा आहे, तो आकड्यांपलीकडचा आहे. दोन्ही ठिकाणी समाजाला ‘सहभागी’ करून घेतलेले नव्हते. समाज नेतृत्व करीत होता. या दोन शब्दांतील अंतर फार मोठे आहे. सहभागात कार्यक्रम राजधानीत आखला जातो आणि वडीलधाऱ्यांना उद्घाटनाला बोलावले जाते. नेतृत्वात प्रश्न कोणता हे वडीलधारी ठरवितात आणि अधिकाऱ्याला हजर राहण्यास सांगतात.

व्हिक्टोरियातील कूरी न्यायालये या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी आहेत. प्रौढांसाठी २००२ साली आणि मुलांसाठी २००५ साली ती सुरू झाली. तेथे दंडाधिकारी उंच आसनावर बसत नाही. तो, मूल, त्याचे कुटुंब आणि समाजातील ज्येष्ठ एकाच मेजाभोवती बसतात. ज्याच्या आजोबांना आपण ओळखतो त्या मुलाला ज्येष्ठ जेव्हा खडसावतात, तेव्हा त्या शब्दाला जे वजन असते ते दंडसंहितेच्या कलमाला नसते. तरीही शिक्षा लिहिणारी लेखणी दंडाधिकाऱ्याच्याच हाती असते. ज्येष्ठांनी बोलावे, राज्याने ठरवावे, अशी ही विभागणी आहे. ती जुन्या स्थितीपेक्षा निःसंशय बरी आहे. पण तिला गन्तव्यस्थान समजणे ही चूक होईल.

सरकारे या प्रयोगांचे कौतुक करतात, यातच धोका आहे. जुलै २०२० मध्ये सर्व सरकारांनी आदिवासी संघटनांशी करार करून २०३१ पर्यंत आदिवासी मुलांच्या बंदिवासाचे प्रमाण निदान ३० टक्क्यांनी घटविण्याचे वचन दिले. २०२२ साली मजूर पक्षाच्या केंद्र सरकारने बर्कच्या धर्तीवरील कामांसाठी, तीस वस्त्यांपर्यंत, आठ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मंजूर केली. ही रक्कम मोठी वाटते. पण हिशेब केला तर ती सुमारे ऐंशी मुलांना एक वर्ष कोठडीत ठेवण्याच्या खर्चाएवढी भरते. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात संसदेसमोर आदिवासींना घटनात्मक आवाज देण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतदारांनी फेटाळला. डिसेंबर २०२४ मध्ये क्वीन्सलँडने अनेक गुन्ह्यांसाठी मुलांनाही प्रौढांइतकीच शिक्षा देणारा कायदा केला. डाव्या हाताने अनुदानाचा तुकडा टाकावा आणि उजव्या हाताने कुलूप लावावे, असा हा व्यवहार आहे.

या कठोरतेमागे केवळ द्वेष आहे असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्याच्या दुकानाच्या काचा महिन्यात तीनदा फुटतात, जी वृद्ध स्त्री रात्री एकटी झोपायला भिते, त्यांची भीती खोटी नाही. शिवाय अशा हिंसेची झळ आदिवासी स्त्रियांना आणि मुलांनाही सोसावी लागते. त्यांना सुरक्षितता हवी, आणि ती मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. म्हणूनच प्रश्न असा विचारावयास हवा की कोठडी ती सुरक्षितता देते काय? पश्चिम ऑस्ट्रेलियातील बँक्शिया हिल बंदिगृहातील ९९ मुलांची तपासणी संशोधकांनी केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ८९ टक्के मुलांच्या मेंदूच्या विकासात निदान एक गंभीर दोष होता. ३६ टक्क्यांच्या बाबतीत तो गर्भावस्थेतील मद्याच्या परिणामाशी निगडित होता. ज्या मुलाला सूचना ध्यानात ठेवता येत नाही, त्याला शिक्षेच्या धाकाने सुधारू पाहणे म्हणजे बहिऱ्यापुढे जाहीरनामा वाचणे होय. अशा मुलाला रोज दिसणारा, नावाने हाक मारणारा, चुकला तरी न सोडणारा माणूस लागतो. तसा माणूस निविदा काढून मिळत नाही. तो नात्यागोत्यातच असतो.

आणखी एक सावधगिरी समाजवाद्यांनी बाळगली पाहिजे. ‘समाजाने आपली मुले सांभाळावीत’ हे वाक्य दोन अगदी भिन्न तोंडांतून येऊ शकते. एक तोंड स्वातंत्र्य मागणाऱ्याचे असते, दुसरे जबाबदारी झटकणाऱ्याचे. घरे, शाळा, दवाखाने, पिण्याचे पाणी, रोजगार – हे राज्याचे कर्तव्य आहे आणि कोणत्याही आजीच्या मायेने ते भरून निघणार नाही. एका खोलीत दहा माणसे झोपत असतील, तर मूल रात्री रस्त्यावरच येणार. नेतृत्व समाजाकडे द्यावयाचे याचा अर्थ साधने राज्याने रोखून धरावीत असा नव्हे; साधनेही द्यावयाची आणि ती वापरण्याचा अधिकारही द्यावयाचा. अधिकाराविना साधने म्हणजे भीक. साधनांविना अधिकार म्हणजे थट्टा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात प्रौढांच्या तुरुंगाच्या आवारातील बालकक्षात एका १६ वर्षांच्या आदिवासी मुलाने गळफास लावून घेतला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्या राज्याच्या बालबंदिवासातील तो पहिला नोंदलेला मृत्यू होता. पुढच्याच वर्षी दुसरा झाला. १९९१ च्या आयोगाने ९९ मृत्यूंचे कागद चाळून जे सांगितले होते, ते तेव्हा ऐकले असते तर ही मुले आज कोणाच्या तरी अंगणात असती. अहवालांची उणीव ऑस्ट्रेलियाला कधीच नव्हती. उत्तर ज्यांच्यापाशी आहे ते वडीलधारी युएंडुमूत आहेत, बर्कमध्ये आहेत. त्यांच्याकडे कोठडीची किल्ली सोपविण्याचे धैर्य मात्र अजून कोणत्याही सरकारने दाखविलेले नाही.