शहरे जाळून युद्ध आटोपत नाही

शत्रूची शहरे बेचिराख केली की त्याची जनता हाय खाते, युद्ध लवकर संपते आणि एकूण माणसे कमीच मरतात, हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर दलाचे प्रमुख आर्थर हॅरिस यांनी तो हट्टाने चालवला.

त्यांची अडचण खरी होती. लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एकतृतीयांश विमाने त्याच्या पाच मैलांच्या आत पोचत, असे १९४१च्या बट अहवालात आढळले होते. रात्री कारखाना सापडत नव्हता, शहर सापडत होते. दिवसा नेमका मारा करू म्हणणाऱ्या अमेरिकनांनीही १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टवर ६० बॉम्बर गमावले.

पण अडचण हे समर्थन होत नाही. बॉम्बर दलाला मिळालेल्या फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे मनोधैर्य हेच लक्ष्य ठरवले. जुलै १९४३मध्ये बॉम्बहल्ल्यांनी पेटलेल्या हॅम्बुर्गच्या आगीत सुमारे ३७ हजार माणसे मेली. तरी जर्मनीचे शस्त्रोत्पादन १९४४च्या मध्यापर्यंत वाढतच राहिले. खचलेला कामगार करणार काय? अन्न आणि निवारा सरकारच्या हाती, आणि विरोध केला तर गेस्टापो दारात. शिवाय जर्मन बॉम्बवर्षावात लंडन नमले नव्हते, हे पाहिलेल्यांनीच हॅम्बुर्ग नमेल असे धरून चालावे, याला रणनीती कसे म्हणायचे?

सुरुवात जर्मनांनी केली, हे खरे. वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री त्यांनीच उद्ध्वस्त केली. पण त्याचा जाब हॅम्बुर्गच्या तळघरातल्या मुलांना विचारायचा नसतो.

मग लढायचे कसे? उत्तर त्याच युद्धात सापडते. मे १९४४पासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर हल्ले सुरू झाले आणि काही महिन्यांत विमान-इंधनाचे उत्पादन दहाव्या हिश्श्यापर्यंत घसरले. इंधनाविना जर्मन विमाने जमिनीवर खिळली. शहरांवरच्या हल्ल्यांनी जर्मन तोफा आणि लढाऊ विमाने अडकून पडली, असे सांगितले जाते. पण इंधनाचे कारखाने वाचवायलाही जर्मनांना तीच जुंपावी लागली. या हल्ल्यांतही निरपराध मेले, पण त्यांचे मरण हा हल्ल्याचा हेतू नव्हता. चांगला पर्याय हाती आल्यावरही शहरे जळत राहिली आणि फेब्रुवारी १९४५मध्ये ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५ हजार माणसे गेली. त्याला अडचणीची ढाल उरत नाही.

अख्खे शहर हे एकच लक्ष्य मानून बॉम्बफेक करण्यास १९७७च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने मनाई केली, ती याच अनुभवातून. नागरिकांच्या जिवाचा विचार लक्ष्य निवडतानाच झाला पाहिजे. तो टाळणाऱ्या सेनापतीला विजय मिळाला, तरी त्याची जबाबदारी माफ होता कामा नये.